एका मसाल्याचे दोन पत्ते

तेजसने उदयसिंहच्या ताटात दुसरी चिंबोरी वाढली, तेव्हाच त्याला कळायला हवं होतं की आता काहीतरी काम निघणार. सासरी पहिली चिंबोरी प्रेमाची असते, दुसरी कुणी उगाच वाढत नाही. पण उदयसिंह पडला कराडकडचा. खेकडा कुठून फोडायचा यातच त्याचा सगळा जीव गुंतला होता, आणि लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. नव्या जावयाचं डोकं सासरी तसंही जरा कमीच चालतं.

"दाजी, तुमी कॉम्प्युटरमधले ना," तेजस म्हणाला. "एक छोटंसं काम होतं."

उदयसिंह महाप्याच्या एका कंपनीत होता, हे खरं. पण तिथे तो जे करायचा त्याला कॉम्प्युटरमधलं म्हणणं म्हणजे लग्नात आहेर लिहिणाऱ्याला भटजी म्हणण्यासारखं होतं. दुसऱ्यांनी करायचं काम कधी पुरं होईल, हे तिसऱ्यांना रंगीत चौकोन काढून सांगायचं, एवढीच त्याची विद्या. लग्न ठरवताना मात्र मध्यस्थाने 'मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर' असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून करावे गावातल्या या घरात टीव्हीचा रिमोट बिघडला तरी फोन सानपाड्याला जावयालाच जायचा. तोही कधी नाही म्हणायचा नाही. कसा म्हणणार?

काम असं होतं. उदयसिंहची सासू काशीबाई आगरी मसाला करायची. गावातलं जुनं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, भाडेकरू आले, पण काशीबाईचा मसाला होता तसाच राहिला. मिरची गच्चीवर वाळायची, खडा मसाला ती स्वतः भाजायची, डंकावर कुटून आणायची, आणि शेवटी परातीत सगळं तिच्याच हाताने एकत्र व्हायचं. गेल्या वर्षी दोन्ही मुलांची वाटणी झाली. भांडण नाही, आरडाओरड नाही. पहिला मजला थोरल्या तेजसचा, दुसरा धाकट्या निशांतचा, तळमजला आईचा; गाडीचाही असाच हिशेब झाला. एका जिन्याच्या घरात राहून भाऊ एकमेकांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला लागले, एवढाच काय तो फरक.

आता वाटणी झाली म्हणजे ज्याचं त्याचं दुकान हवं. तेजसने इंटरनेटवर 'कराव्याचा मसाला' नावाचा पत्ता घेतला, निशांतने 'काशीआई'. दोन्ही साइट बांधून दिल्या त्यांच्या बहिणीने, म्हणजे उदयसिंहच्या बायकोने, स्नेहलने. बहीण कुणाला डावं-उजवं करणारी नव्हती, तेव्हा दोन्हीकडे मसाला तोच आणि फोटोही त्याच काशीबाईचा. फक्त एकीकडे हिरवं लुगडं, दुसरीकडे जांभळं. झालं, गिऱ्हाइकं गोंधळली. कुणीतरी खाली लिहून टाकलं की जांभळी काशी नकली आहे. तळोज्याच्या अख्तरुन्निसाबी वर्षानुवर्षं काशीबाईकडून मसाला नेणाऱ्या, आखातातल्या लेकांना पाठवणाऱ्या. त्यांनीही एकदा फोन करून हळूच विचारलं की बाय, तुमच्या नावाने दुसरी कोण बसलीय?

काशीबाईला ते फार लागलं. तिने दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं की या मोसमाच्या आधी दुकान एक झालं पाहिजे. दोघांनी माना डोलावल्या. एकच करू, आई. मात्र एक म्हणजे कोणतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तेजसने धरलं की आपण थोरले, तेव्हा आपलं. निशांतने धरलं की आईचं नाव आपल्या पत्त्यात, तेव्हा आपलं. दोघेही मोकळ्या मनाने उठले.

म्हणून तेजसचं छोटंसं काम. कुणी निशांतचा पत्ता टाकला, तर त्याला आपोआप तेजसच्या दुकानात आणून सोडायचं. कायमचं. निशांतशी बोलणं झालंय, असंही तेजस म्हणाला. उदयसिंहने तोंडातली नांगी काढली आणि हो म्हटलं.

जेवण झाल्यावर निशांतने त्याला वर चहाला बोलावलं. चहाबरोबर तळलेले बोंबील होते. तेव्हाही त्याला कळायला हवं होतं. निशांत म्हणाला, दादाचा पत्ता टाकणारा माणूस आपल्याकडे आला पाहिजे, दादाशी बोलणं झालंय, टेन्शन नाही. उदयसिंहचा बोंबील हातातच राहिला. खाली एकाला शब्द दिलेला, इथे दुसरा मेहुणा समोर बशी सरकवतोय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने पुन्हा हो म्हटलं.

घरी येताना त्याने स्नेहलला सहज विचारलं, की हे काम तुझ्या भावांनी तुलाच का नाही सांगितलं?

"सांगितलं की. दोघांनी सांगितलं," स्नेहल म्हणाली. "मी म्हटलं, आधी दोघं मिळून एक ठरवा, मग या. म्हणून तर तुझ्याकडे आले." आणि तिने त्याच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. "तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो," उदयसिंह म्हणाला. संसारात पुष्कळदा हे उत्तर पुरतं.

दोन्ही साइटच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, स्नेहलच्या नावावर, आणि त्या घरच्या लॅपटॉपमध्ये साठवलेल्या. ती बाहेर गेल्याचं पाहून उदयसिंहने एक व्हिडिओ लावला आणि त्यात दाखवलं तसं करत गेला. पाठवणीचे दोन प्रकार निघाले, तात्पुरती आणि कायमची. मेहुण्यांनी कायमची सांगितली होती, त्याने कायमची निवडली. आधी निशांतचा पत्ता तेजसकडे वळवला. मग तेजसचा निशांतकडे. आपण दोघांनाही दिलेला शब्द पाळला, याचं त्याला मनापासून समाधान वाटलं. मशीन काय ते बघून घेईल, असं त्याला वाटत होतं.

मशीन काय बघणार! सरकारी कचेरीत चार नंबरची खिडकी म्हणते नऊवर जा, आणि नऊ नंबरची म्हणते चारवर जा, तसं सुरू झालं. माणूस निदान दुसऱ्या फेरीला वैतागून घरी जातो. इथे एकेक गिऱ्हाईक क्षणात वीसदा इकडून तिकडे, तिकडून इकडे फेकलं जायचं, आणि शेवटी पडद्यावर यायचं की या पत्त्याने तुम्हाला फार वेळा फिरवलं, आता बस. हिरवी काशी दिसेना, जांभळीही दिसेना.

आणि हे सगळं ऐन मोसमात. चैत्र संपत आला की लोक वर्षाचा मसाला भरतात. एरवी या दिवसांत काशीबाईच्या घरात सुनांना पिशव्या बांधायला हात पुरत नसत. आता दोन्ही सुना मोबाइल चाळत बसल्या. अख्तरुन्निसाबींचा फोन आला, की बाय, दुकान बंद केलंत काय, आधी सांगायचं तरी. काशीबाई जिना चढून तेजसकडे गेली. तो म्हणाला, निशांतला विचार. अजून एक जिना चढून ती निशांतकडे गेली. तो म्हणाला, दादाला विचार. गुडघे धरून ती खाली आली आणि तिने जावयाला फोन लावला.

जावयाचे फोन तोवर सुरूच होते. तेजसला खात्री की निशांतने काहीतरी उद्योग केला, निशांतला खात्री की दादाने केला, आणि दोघांनाही दाजींकडून ते शोधून हवं होतं. उदयसिंह सगळ्यांना सर्व्हर म्हणायचा. सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, परदेशातून आहे, बघतायत ते. खोटं बोलण्यासाठी इतका सोयीचा शब्द आजवर दुसरा झालेला नाही. कुणी सर्व्हरला भेटलेलं नसतं.

पण मनातून तो धास्तावला होता. ऑफिसात त्याच्या शेजारी राजलक्ष्मी बसायची. तिचं कामच साइट सांभाळायचं. त्याने तिला एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. तिने मित्र कोण हे विचारलं नाही, तेवढी ती सभ्य होती.

"कायमची पाठवण एवढ्यात लावायचीच नाही," ती म्हणाली. "फोन ती लक्षात ठेवतात. मागाहून तू इथे दुरुस्त केलंस, तरी ज्यांनी आधी उघडून बघितलंय त्यांचे फोन आपल्या आठवणीनेच चालतात, तुला विचारत नाहीत. ते एकेकाचं पुसायला लागतं. दोन मिनिटं लागतात, पण पुसायला लागतं." मग तिने डबा उघडता उघडता विचारलं, "आणि त्यातलं मुख्य कोणतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरं दुकान कोणतं? ते एकदा ठरलं की बाकीचे सगळे पत्ते तिकडे वळवता येतात. पन्नास असले तरी. पण ते घरच्यांनी ठरवायचं असतं, मशीन नाही ठरवत."

उदयसिंहचं जेवणात लक्ष लागेना. इतक्या दिवसांत कराव्याच्या त्या घरात सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, फक्त हे विचारलं नव्हतं. तेजसचं मुख्य केलं तर निशांतच्या मनातून तो उतरणार, निशांतचं केलं तर तेजसच्या. दोन्ही पाठवण्या काढून टाकाव्यात, तर दोघेही विचारणार की माझं काम का केलं नाहीत. म्हणून त्याने काहीच केलं नाही, आणि भिजत घोंगडं तसंच पडलं.

तिकडे घोंगडं पडून राहिलं नाही. निशांतच्या बायकोने स्वतःची मिरची आणली. ते पाहून तेजसच्या बायकोने तिच्याहून लाल मिरची आणली. गच्चीवर दोन ढीग पडले आणि मधे कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली. मग दोघं भाऊ वेगवेगळे आईकडे आले आणि वेगवेगळे एकच बोलले, की आता मसालाही वेगळा करू, तू फक्त प्रमाण सांग.

रविवारी काशीबाईने लेक-जावयाला बोलावून घेतलं. वाटणीच्या बोलण्याला एक बाहेरचा माणूस हवा असतो. जो घरचाही असतो आणि ज्याला घरातलं काही मिळायचं नसतं, असा जावयाखेरीज दुसरा कोण? म्हणजे ज्याने काडी लावली, तोच पंच. उदयसिंहला रात्रभर झोप नव्हती. पहाटे उठून त्याने लॅपटॉप काढला आणि दोन्ही पाठवण्या काढून टाकल्या. आपल्या लॅपटॉपवर नाही, कारण त्यालाही आठवण होती, तर वॉचमनच्या फोनवर पाहून घेतलं. हिरवी काशी दिसली, जांभळीही दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला. आता जायचं, साइट सुरू झाली म्हणून सांगायचं, मसाल्याची वाटणी टळली की जेवून परत यायचं.

तळमजल्यावर ओटीवर सगळे जमले होते. भाऊ दोन टोकांना बसले होते, सुना दाराशी. उदयसिंह बोलणार तोच काशीबाई बोलली.

"जावयबापू, घर वाटलं तवा मी काय बोलली नाय. गारी वाटली, तवापन नाय. ते इटा-लोखंडाचं व्हतं. पन मसाल्याचं प्रमान मना म्हाईतच नाय. हात जाईल तेवढा घेते मी. आता माजा हात यांना कसा अर्धा-अर्धा देऊ, ते तुमीच सांगा." तिने डोळे पुसले. "मसाला वेगला झाला, तं मी मेल्यावरच ही दोगं एकत्र येतील. ते बघाला मी नसेन."

स्नेहलने डोळ्यांना पदर लावला. उदयसिंहला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्याच भरात तो घाईघाईने म्हणाला, की वाटणीची गरजच नाही, साइट सुरू झालीय, बघा.

तेजसने फोन काढला, निशांतनेही. दोघांच्या पडद्यावर चाक फिरलं, फिरलं, आणि फार वेळा फिरवल्याचं तेच वाक्य आलं. काशीबाईचा फोन स्नेहलने हातात घेतला. त्यावर कुणी कधी साइट उघडलीच नव्हती. त्यावर दोन्ही काश्या लख्ख दिसल्या.

"आईच्या फोनवर दिसते, आमच्या का नाय दिसत?" तेजसने विचारलं.

"तुमच्या फोनला आठवतंय ना, म्हणून."

"काय आठवतंय?"

"की निशांतकडून तुमच्याकडे यायचं. कायमचं," उदयसिंह म्हणाला आणि तिथेच थांबायला हवं होतं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

निशांतने मान वर केली. "दादाकडे? हे कुनी सांगितलं होतं?"

"त्यांनी."

"आनि मग माझ्या फोनला काय आठवतंय?"

"तेही आणि तुम्ही सांगितलेलंही. तुमच्या दादांकडून तुमच्याकडे."

तेजस निशांतकडे पाहायला लागला, निशांत तेजसकडे. 'आमचं एकमेकांशी बोलणं झालंय' असं दोघांनीही जावयाला सांगितलं होतं, आणि बोलणं काही झालं नव्हतं, हे आता आईसमोर, बायकांसमोर, बहिणीसमोर उघडं पडलं होतं. रागवायचं कुणावर? एकमेकांवर रागवायची सोय उरली नव्हती, आणि जावयावर रागवण्याची पद्धत नव्हती.

"दाजी," शेवटी निशांत म्हणाला, "दोगांना हो बोललात?"

"हो," उदयसिंह म्हणाला.

"आनि दोगांचं केलंतही?"

"शब्द दिला होता."

तेजसच्या खांद्यांना हलकासा हिसका बसला. तो खाली बघत होता. मग निशांतच्या नाकातून फुस्स आवाज आला, आणि दोघे भाऊ असे हसले की सुना दारातून आत आल्या. हसता हसता तेजस उठून निशांतजवळ जाऊन बसला, त्याच्या फोनवर ते फिरणारं चाक बघायला. आपण दोघं इतके दिवस एकमेकांना शिव्या घालत होतो आणि हा गृहस्थ आपला जोर लावून दोन्हीकडून दोर ओढत होता, असं काहीतरी तो म्हणाला. कॉम्प्युटर इंजिनिअर, निशांत म्हणाला, आणि दोघे पुन्हा सुरू झाले. गेल्या वर्षभरात त्यांचं कशावर एकमत झालं नव्हतं. जावयाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, यावर झालं.

उदयसिंह कान पाडून बसला होता. स्नेहलने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. जे बोलायचं ते सानपाड्याला गेल्यावर बोलणार होती.

मग एक नवीनच सुरू झालं. निशांत म्हणाला की जाऊ दे, दादाचंच दुकान ठेवा, माझं तिकडे वळवा. तेजस म्हणाला, छे, आईचं नाव तुझ्या पत्त्यात आहे, तुझंच राहू दे. नाही दादा, तुझं. नाही रे, तुझं. मघापर्यंत दोघे ओढत होते, आता दोघे ढकलायला लागले. सुना गच्चीवरची दोरी सोडायला निघाल्या, तरी यांचं ठरेना.

उदयसिंह हात धुवायला म्हणून मागे मोरीशी गेला. आता तरी काहीतरी नीट करावं, या विचाराने त्याने लॅपटॉपची बॅग बरोबर घेतली होती. काशीबाई त्याच्या मागोमाग आली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण आवाज साफ होता.

"हे नीट कराला किती टायम लागल?"

"आई, काही नाही. त्यांच्या फोनमधलं पुसायचं आणि ते म्हणतील तिकडे वळवायचं. गिऱ्हाइकांचं तर सकाळपासून सुरूच झालंय. ज्यांचं अडलंय ते फोन करतील, त्यांना सांगू. फक्त या दोघांच्या फोनवर दिसत नाही. दोन मिनिटांचं काम आहे." या खेपेला तो खरं बोलत होता. राजलक्ष्मीने त्याला सगळं लिहून, समजावून दिलं होतं.

काशीबाईने दाराआडून ओटीवर पाहिलं. तेजस आणि निशांत एकाच सतरंजीवर बसून एकाच फोनमध्ये डोकं घालून वाद घालत होते.

"मंग नका करू," ती म्हणाली.

"आई?"

"वरीस झालं, ही दोगं जिन्यातनं उतरतात, मना हात दाखवतात नि जातात. आज पयल्यांदा ओटीवर बसलीत. दोन मिन्टांत झालं, तं दोन मिन्टांत आपापल्या माल्यावर जातील." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमाला येतंय म्हनून सांगते. येत नसतं तं सांगितलं नसतं."

उदयसिंहने नळ बंद केला. कराव्याच्या या घरात त्याला काहीतरी येतं असं मानणारं माणूस हे एकच होतं, आणि तेच त्याला काही करू नको म्हणत होतं. त्याने लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. चेन ओढली आणि तो बाहेर आला.

"काम मोठं आहे," त्याने गंभीरपणे जाहीर केलं. "पंधरा दिवस तरी लागतील. दोघांच्या फोनमधली आठवण थोडी थोडी काढायला लागणार. आणि ते एकेकट्याने होत नाही. रोज संध्याकाळी दोघांनी फोन घेऊन इथे खाली येऊन बसायला लागेल. मी तिकडून फोनवर सांगत जाईन."

स्नेहलने झटकन वर पाहिलं. तिला काय खरं आणि काय खोटं ते पुरतं कळलं होतं. तिची नजर नवऱ्यावरून आईवर गेली, आणि ती गप्प बसली. काशीबाईने आतून हाक मारून विचारलं की रात्रीला सगळी इथंच जेवताव ना, आणि उत्तराची वाट न बघता तांदूळ मोजायला घेतले.

तेजस निशांतच्या कानाशी वाकला. "पंधरा दिवस कसले," तो हळू आवाजात म्हणाला. "दाजी करतायत म्हंजे महिना धरून चाल."